इंगोले सरांची अमुशा

इंगोले सर गेले त्याला आता दोन पावसाळे झाले. तरी नदीकाठी उभा राहिलो की माझी पाठ आपोआप ताठ होते. आत्ता मागून येतील, दोन्ही खांद्यांच्या मधोमध बोट रोवतील आणि म्हणतील, "मास्तर, पाठ हाय का इळा?" आमच्याकडे विळ्याला इळा म्हणतात, आणि माझी पाठ खरंच तशी आहे. मी मराठी शिकवतो. बसून शिकवतो, बसून वाचतो, आणि जमलं असतं तर बसूनच चाललो असतो.

सर रिठदला आमच्या शाळेत पीटीचे शिक्षक होते. बुटके, सावळे, छाती नेहमी दोन बोटं पुढे. निवृत्त झाल्यावरसुद्धा पांढरे बूट सुटले नाहीत. लग्नाला जा, मयतीला जा, पायात पांढरे बूट. बसलेला माणूस दिसला की त्यांना अस्वस्थ व्हायचं. "बसून रायल्यानं मानूस नासते," हे त्यांचं ब्रीद. स्टाफरूममध्ये आम्ही सगळे खुर्च्यांवर आणि सर खिडकीशी उभे, एका पायावरून दुसऱ्या पायावर. चहासुद्धा उभ्यानं. एकदा नव्या मॅडमना दया आली म्हणून त्यांनी आपली खुर्ची दिली, तर सरांनी ती उचलून वजन पाहिलं आणि परत ठेवली.

माझ्या घराच्या वास्तूला आले होते. मांडवात पंगत बसलेली, वाकडीतिकडी, जशी आपल्याकडे बसते. सरांना ते बघवेना. गेले मध्ये आणि दिला आवाज, "एक हात अंतर! घे!" अहो, अख्ख्या पंगतीनं हात पुढे केले. माझे सासरे, गावचे सरपंच, दोन म्हाताऱ्या आत्या, सगळ्यांनी. कारण निम्मं गाव सरांच्या हाताखालून गेलेलं. पंगत अशी सरळ झाली की वाढणाऱ्या पोरांना बुंदी घेऊन पळता येऊ लागलं. सासरे रात्री मला म्हणाले, "जवाईबुवा, मानूस खुळा हाय, पन जेवन मस्त उरकलं."

तर असा हा माणूस. आणि घरी एकच लेक, प्रतिभा.

ती चौथीत होती तेव्हा तिची आई गेली. सरांनी दुसरं लग्न केलं नाही. नातेवाईक सांगून थकले. सर सकाळी भाकऱ्या थापायचे, पोरीचा डबा भरायचे, आणि मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दाराशी तिला उभी करून वेण्या घालायचे, कारण सकाळी घाईत घातलेल्या पहिल्या तासालाच सुटायच्या. सरांनी वेणी घातली म्हणजे रस्सीखेचीचा दोर वळल्यासारखी घट्ट. पोरीच्या भुवया वर चढायच्या. "बाबा, डोये झाकत नाईत," ती रडवेली होऊन म्हणायची. "झाकायचे कायले? शाळा हाय," सर म्हणायचे. आणि मग हळूच एक पदर सैल करायचे. ते मी पाहिलंय. कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून तोंडानं ओरडत राहायचे आणि बोटांनी सैल करायचे.

पोहायला त्यांनीच तिला शिकवलं, पैनगंगेत. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधायचा आणि काठावरून आज्ञा सोडायच्या. पुढं डबा सुटला, पोरगी नदीत मासोळी झाली. सरांना ती मोठी साहेबीण व्हायला हवी होती. एक मात्र त्यांनी तिच्या लहानपणापासून सगळ्यांना ऐकवून ठेवलं होतं, "माझी पोरगी शेतात जानार नाई. माझ्या मायनं जिंदगीभर निंदन केलं. तिच्या हाताची बोटं शेवटी सरळ होत नव्हती. माझी पोरगी खुरपं धरनार नाई म्हंजे नाई."

आणि प्रतिभानं काय करावं? एम.एस्सी. झाली, आणि नदीकाठच्या एका गावच्या गणेशशी लग्न करते म्हणाली. गणेश शेतात हळद पिकवतो. चांगला शिकलेला, निर्व्यसनी, स्वतःची विहीर, पण शेतकरी. आता आमच्याकडे परिस्थिती अशी की शेतकऱ्याच्या पोराला कुणी मुलगी देत नाही; तिशी उलटलेली पोरं पारावर बसून असतात. आणि इथं एक पोरगी आपणहून शेतकरी नवरा शोधून आली, तर बापच हटून बसला! लग्नाला सर गेले नाहीत. जाताना ती पाया पडायला आली तेव्हा म्हणाले, "तुया उंबऱ्यावर माझा पाय पडनार नाई. तुया घरचा घास माझ्या तोंडात जानार नाई." बोलून गेले, आणि बोललेलं मागं घेण्याची कला त्यांना कुणी शिकवली नव्हती.

त्यानंतर घरात उरले ते एकटे आणि त्यांचे पांढरे बूट. मला त्यांचा राग यायचा आणि दयाही यायची. दोन्ही एकदम.

नदीचं वेड शिरलं ते त्याच वर्षी. कुठल्याशा तलावावर कुणी बोटिंग सुरू करून बंद केलं होतं. तिथल्या लांबट, निमुळत्या दोन फायबरच्या नावा भंगारात पडल्या होत्या. सर त्या ट्रॅक्टरवर घालून घेऊन आले. दोन्हींना भोकं. आमच्या गावात टायर-पंक्चरचं दुकान असलेले हमीदभाई, सरांचे बालमित्र, त्यांच्याकडे नावा टाकल्या आणि म्हणाले, "पंक्चर काढ."

हमीदभाई म्हणाले, "सर, याच्यात हवाच नाई तं पंक्चर कसलं?"

"पानी आत येते ना? मंग पंक्चरच झालं."

हमीदभाईंनी भोकं बुजवली, आणि दिवाळीनंतरच्या थंडीत आमची तिघांची सहल निघाली. बॅरेज म्हणजे दारांचे बंधारे झाल्यापासून पैनगंगेत पुष्कळ लांबपर्यंत पाणी साठून राहतं. वल्हवत जायचं, बॅरेज आलं की नावा खांद्यावर घेऊन पलीकडे उतरायच्या, संध्याकाळी काठावर मुक्काम. दोन्ही बाजूंनी पळस, बाभळी, मधूनच काठावर पाणी प्यायला आलेले रोही, म्हणजे नीलगाई, मान वर करून बघतात. मैल न् मैल माणूस नाही. एका नावेत सर आणि मी, दुसरीत हमीदभाई आणि सामान. पहिल्या वर्षी माझ्या हातांना असे फोड आले की दोन दिवस घास उचलवेना. तरी पुढच्या वर्षी गेलो, त्याच्या पुढच्याही. सरांना नाही कोण म्हणणार?

आता अमुशेचं सांगतो. आमच्या भागात अमावस्येला औत धरत नाहीत. बैल सोडलेले, नांगर-वखर बांधाला टेकवलेले, त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचं नाही. कितीही कामाची घाई असो, त्याला अपवाद नाही. सर शेतकऱ्याच्याच घरचे. शेती सोडली, पण हे त्यांच्या हाडात होतं. पहिल्याच सहलीत त्यांनी जाहीर केलं, "नाव म्हंजे आपला बैल. अमुशेले नाव पान्यात जानार नाई."

मग त्या दिवशी नावा ओढून काठावर पालथ्या घालायच्या. सर त्या गवताच्या बोळ्यानं धुवायचे, पुसायचे, दोन्हींच्या टोकाला हळदकुंकू लावायचे. आणि एवढ्यावर थांबतील तर इंगोले सर कसले? भाकरीचा तुकडा गुळाला लावून नावेच्या तोंडापुढे ठेवायचे. मी हसलो तर म्हणाले, "हसू नको, मास्तर. दोन दिस तुया वजनाचं बोचकं ओढलं तिनं." मुंग्यांनी तो तुकडा नेला की त्यांना समाधान वाटायचं, बैलानंच खाल्ल्यासारखं.

आणि त्या दिवशी आम्हालाही काम बंद. एरवी बसलेल्या माणसाला उठवणारा हा गृहस्थ अमुशेला आम्हाला आराम करायला लावायचा, तोही कवायतीसारखा. सकाळी उन्हात बसून अंगाला तेल. मग नदीत डुंबणं. मग हरभऱ्याचा कोवळा पाला, कांदा, तिखट, मीठ आणि कच्चं तेल, त्याचा घोळाणा करून भाकरीशी. मग हुकूम, "झोपा!" मोठ्या अर्जुनाच्या झाडाखाली सतरंजी, पानांतून ऊन अंगावर हलतंय, पाण्यावरून गार वारा, खंड्या फांदीवरून पाण्यात सूर मारतोय, हमीदभाईंचा रेडिओ बारीक आवाजात. मी डोळे उघडे ठेवले की सर लांबून ओरडायचे, "मास्तर, झोप म्हनलं ना!" आयुष्यात मला कुणी झोपत नाही म्हणून रागावलं असेल तर ते एवढेच.

पण दरवर्षी अमुशा बरोब्बर त्याच वळणावर कशी यायची? हे काय आम्हाला कळत नव्हतं? त्या वळणाच्या समोरच्या काठावर प्रतिभाचं गाव. अलीकडे आमचा मुक्काम, पलीकडे तिचा घाट, मध्ये नदी. सर सहल कुठून आणि कोणत्या दिवशी निघायची ते असं ठरवायचे की अमुशेला आम्ही तिथंच असू. हमीदभाई एकदा म्हणालेच, "सर, आपली नदी क्यालेंडर पाहून वाह्यते का हो?" सरांनी ऐकलं नाही, असं दाखवलं.

पहिल्या वर्षी ती समोरच्या घाटावर धुणं घेऊन आली. आम्हाला ओळखलं, तशीच उभी राहिली. सर काय करतील? पाठ फिरवून बसले आणि राखेनं पातेलं घासू लागले. ती जाईपर्यंत घासत होते. पातेल्याचं बूड जातं की काय असं मला वाटलं. पुढच्या वर्षी ती आली आणि धुतलेलं लाल लुगडं मुद्दाम उंच बाभळीवर वाळत घातलं. काट्यांत लुगडं कोण वाळवतं? ते लुगडं तिच्या आईचं होतं, हे मला हमीदभाईंनी सांगितलं. सरांनी मला विचारलं, "मास्तर, पल्याड लाल काय दिसते ते?" मी म्हटलं, "तुम्हाला माहीत आहे सर." त्यावर ते दुपारभर त्या झाडाकडे तोंड करून बसले, आणि आम्हाला झोपायचा हुकूम द्यायलाही विसरले.

शेवटच्या सहलीच्या वर्षी सरांना दम लागत होता. नाव खांद्यावर घेऊन बॅरेज उतरताना दोनदा थांबले. डॉक्टरांनी काय सांगितलं ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, पण त्यांच्या खिशात गोळ्या होत्या. मी वल्हं जोरानं मारायचो, म्हणजे त्यांनी कमी मारावं, तर म्हणायचे, "मास्तरले जोर आला, लिहून ठेवा कुठी." मला हसू यायचं आणि मागोमाग विचार यायचा. यांना काही झालं आणि ही बापलेक अशीच नदीच्या दोन काठांवर राहून गेली तर? हमीदभाई रात्री मला हेच म्हणाले, "खुदा करो, यंदा कायतरी व्हावं यार."

अमुशा उजाडली. नावा पालथ्या झाल्या, हळदकुंकू झालं. आम्ही तेल लावून उन्हात बसलो होतो तेवढ्यात समोरच्या घाटावरून हाक आली.

"हमीदकाका! ओ हमीदकाका! नाव आना इकडे! मले यायचं हाय तिकडे!"

इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा बोलली. हमीदभाई ताडकन उठले आणि नावेला हात घातला. सर म्हणाले, "खाली बस."

"सर, पोरगी बलावून रायली."

"आज अमुशा हाय. नाव पान्यात जात नाई."

"अहो सर, दोन मिंटाचं काम..."

"हमीद, बस म्हनलं."

हमीदभाई बसले, पण त्यांचा चेहरा लालबुंद झाला. पलीकडे ती थोडा वेळ थांबली. मग वळली आणि घाट चढून गेली. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सर, हे अती झालं. नियमाच्या आड काहून लपता?" इतकं तोडून मी त्यांना कधीच बोललो नव्हतो. ते मला काहीबाही बोलतील, रागावतील, असं वाटलं. पण ते नुसते हातातल्या तेलाच्या वाटीकडे पाहत बसले.

तेवढ्यात ती परत आली. ड्रेसची ओढणी कमरेला करकचून बांधलेली, आणि डोक्यावर मोठा जर्मलचा गंज, म्हणजे अॅल्युमिनियमचं खोल पातेलं. गंजाचं तोंड ताटलीनं झाकून वर फडकं बांधलेलं. घाटाच्या शेवटच्या पायरीवर आली, गंज पाण्यावर ठेवला, हातानं हलवून तरंगतो का पाहिला, आणि स्वतः पाण्यात उतरली.

थंडीचे दिवस, बॅरेजचं साठलेलं खोल पाणी. गंज पुढे ढकलत ती पोहत येऊ लागली. आम्ही तिघंही उठून उभे. अर्ध्यापर्यंत ठीक आली. मग मध्यावर गंज एकीकडे कलला, ती त्याला सावरायला गेली आणि तिची लय चुकली. एक गटांगळी खाल्ली.

आणि सर ओरडले. शाळेच्या मैदानावरून एसटी स्टँडपर्यंत ऐकू जायचा तो जुना आवाज.

"प्रतिभा! पाय मार! पाय! गंज सोड त्याच्या मनानं, त्याच्यावर भार नको टाकू! श्वास सोड पान्यात! तोंड वर काहून करतं? लांब हात! लांब! अजून लांब!"

ओरडत ओरडत ते पाण्यात शिरले, पांढऱ्या बुटांसकट. गुडघे बुडाले, कंबर बुडाली, तरी आज्ञा चालूच. "एक! दोन! एक! दोन!" इतक्या वर्षांत लेकीशी बोललेले त्यांचे पहिले शब्द हे. आणि ती पोरगी, काय सांगू, त्या आवाजावर हात टाकायला लागली. एकला उजवा, दोनला डावा. चौथीतल्यासारखी.

काठाजवळ आली तसा सरांनी तिचा दंड धरला आणि ओढून वर आणली. मागून हमीदभाईंनी गंज पकडला. ती थरथरत होती. सरांनी आपली घोंगडी तिच्याभोवती गुंडाळली, इतकी घट्ट की तिला हात बाहेर काढता येईना.

"अकल हाय का तुले? या थंडीत कोनी पान्यात उतरते?"

दात वाजत होते तरी ती हसली. "नाव पान्यात जात नाई म्हनलं तुमी. लेकीचं काई म्हनलं नव्हतं."

हमीदभाईंनी शेकोटीवर लाकडं टाकली आणि डोळे पुसले. धुरानं, म्हणाले. शेकोटी तोपर्यंत पेटलीच नव्हती.

ऊब आल्यावर प्रतिभानं गंज उघडला. आत गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे होते, डब्यात वांग्याची भाजी आणि डबीत तूप. एक थेंब पाणी आत गेलं नव्हतं. तिनं ताटलीत वाढलं, रोडगा कुस्करला, वर तूप घातलं आणि ताटली बापापुढे ठेवली.

सर म्हणाले, "मी तुया घरचं खात नाई. तुले मालूम हाय."

झालं! पुन्हा जिथल्या तिथं. मी कपाळाला हात लावला. पण प्रतिभा चिडली नाही, रडली नाही. बापासमोर मांडी घालून बसली.

"बाबा, आज गावात सगळे बैल सोडेल हायत. तुमी नाव पालथी घातली. हमीदकाकाले काम करू देत नाई, मास्तरले उठू देत नाई. मंग तुमचा राग एकटाच काहून जुंपून ठेवला? इतके वर्सं झाले, त्याचा खांदा सोलला असन. त्यालेबी सोडा ना आजच्या दिस. उद्या वाटलं तं पुन्हा जुंपा. मी काई म्हननार नाई."

हमीदभाईंनी रेडिओ बंद केला. सर ताटलीकडे पाहत होते. त्यांच्या बुटांतून पाणी निथळून मातीत जात होतं. मग त्यांनी उजवा हात पँटला पुसला, एक घास घेतला आणि चावत राहिले.

"मीठ कमी हाय," म्हणाले.

"तुमीच शिकवलं. तुमीच कमी टाकत होते," ती म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आवरलं नाही. सर घास घेत राहिले. एक रोडगा झाला, दुसरा झाला. आम्हालाही वाढलं तिनं. मी कितीतरी पंगती जेवलोय, पण ते जेवण अजून जिभेवर आहे.

दुपारी ती बोलता बोलता अर्जुनाखाली सतरंजीवर झोपी गेली. पोहून दमली होती. सरांनी आमच्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं. मग तिच्या उशाशी बसले. बसले म्हणजे खरंच बसले, झाडाला टेकून, पाय लांब सोडून. एका हातात पळसाचं पान घेऊन तिच्या तोंडावरच्या माश्या वारत होते. ऊन सरकलं तसे स्वतः सरकून तिच्यावर सावली करत गेले. सगळी दुपार एवढंच. पाठ वाकली होती, विळ्यासारखी, आणि त्यांना त्याचं भानही नव्हतं. इतक्या वर्षांच्या ओळखीत मी त्यांना विसावा घेताना पाहिलं ते त्या एका दुपारी.

दिवस कलल्यावर गणेश पुलावरून फिरून मोटारसायकलवर तिला न्यायला आला. शहाणा पोरगा, लांबच बाभळीपाशी थांबला आणि तिथूनच हात जोडले. सरांनी मान हलवली की नाही ते मला नीट दिसलं नाही. प्रतिभा उठली, म्हणाली, "बाबा, उद्या घर पाहून जा. उद्या तं नाव पान्यात जातेच."

"उद्याचं उद्या," सर म्हणाले. ती गाडीवर बसली तेव्हा मात्र त्यांनी मोठ्यानं सांगितलं, "गाडी हळू चालव रे!" जावयाशी ते पहिल्यांदा बोलले. पण ती अमुशा होती. राग सोडलेला दिवस. दुसऱ्या दिवसाचं काय, हे आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि रात्री सर आमच्याकडे पाठ करून लवकरच झोपले.

सकाळी उठलो तर सरांचा पारा चढलेला. नावा त्यांनी एकट्यानंच सुलट्या करून पाण्याच्या काठाशी आणल्या होत्या. हमीदभाईंना चहा उशिरा केला म्हणून झापलं. मला अंथरूण नीट गुंडाळत नाही म्हणून झापलं. हमीदभाई माझ्या कानाशी म्हणाले, "जुंपला गड्यानं पुन्हा." मी मुकाट्यानं सामान भरू लागलो.

तर सर आमच्या शिध्याच्या पिशवीपाशी गेले आणि ती सगळी जमिनीवर उपडी केली. पोहे, गूळ, शेंगदाणे, कांदे, उरलेलं तेल. एक एक वस्तू उचलून पाहायचे आणि चांगली वाटली की परत पिशवीत टाकायचे. मी विचारलं, "सर, काय शोधता?"

ते माझ्यावर खेकसले, "लेकीच्या घरी पयल्यांदा जाऊन रायलो, रिकाम्या हातानं जाऊ काय?"

मी आणि हमीदभाई एकमेकांकडे पाहतच राहिलो. मग अशी धावपळ उडाली म्हणता! सगळा शिधा पिशवीत गेला. पुढचे दोन दिवस आम्ही काय खाणार, हा प्रश्न कुणाच्या मनात आला नाही. हमीदभाईंनी आपल्या बॅगेच्या तळातून स्वतःची नवी, घडीही न मोडलेली फुलाफुलांची चादर काढली, "ही पोरीले." सरांनी घेतली. मग उभे राहून चिंतेत पडले.

"जवायाले टावेल-टोपी लागते," म्हणाले. आमच्याकडे पाहुण्याचा मान टॉवेल-टोपीनंच होतो, आणि हा तर जावई.

हमीदभाई म्हणाले, "सर, टोपी हाय माझ्यापाशी, पन ती नमाजाची."

सर हसले. खूप दिवसांनी हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, तुया बॅगेत नवा टावेल हाय. पिवळ्या काठाचा. मी पाह्यला." माझ्या बायकोनं सहलीसाठी घेऊन दिलेला, कोरा करकरीत. मी काढून दिला. त्यांनी झटकला, आडवा-उभा पाहिला, कोपऱ्याला कोपरा जुळवून कवायतीतल्या झेंड्यासारखी घडी घातली.

नावेत बसून त्यांना पलीकडे सोडलं. घाटाला लागताच उतरले, म्हणाले, "तुमी जा पुढं. माझी वाट पाहू नका." आम्ही नाव थोडी आत घेतली, पण वल्ही उचलून थांबलो. कसे जाणार?

घाट चढाचा. पिशवी जड, त्यांचा दम अपुरा. अर्ध्यावर थांबले. तेवढ्यात वरून प्रतिभा धावत आली. मागे गणेशही होता, दोन पायऱ्या वर, पुढे यावं की नको अशा संकोचात. तिनं पिशवीला हात घातला. मला वाटलं झिडकारतील, कारण इंगोले सरांचं ओझं आजवर कुणी उचललं नव्हतं. त्यांनी पिशवी देऊन टाकली. मग तिनं त्यांच्या दुसऱ्या हातातल्या टॉवेलकडे हात केला. तो मात्र त्यांनी दिला नाही. दोन्ही तळहातांवर तो आडवा धरला, छाती पुढे काढली, आणि गणेशकडे पाहत एक एक पायरी वर चढू लागले.